मागच्या अंगणातलं जुनं कुंपण काढण्याच्या नोंदी

३ जानेवारी, शनिवार

आज हत्याराला हात लावला नाही, फक्त मोजलं आणि नीट बघितलं. एकूण ३१ मीटर कुंपण. मागची बाजू १८ मीटर, पूर्ण लाकडी, १० खांब, दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यावर ठोकलेल्या १२० उभ्या फळ्या. उजवी बाजू १३ मीटर, तिकडे ५ लोखंडी अँगल, जाळी आणि जाळीच्या वर काटेरी तारेच्या दोन ओळी. कोपऱ्यातलं जुनं झाड बरोबर या ओळीत आलंय, तार बांधणाऱ्याने त्यालाच सहावा अँगल समजून तार गुंडाळलीय.

लाकडी खांब एकेक हलवून बघितले. तीन चांगलेच डुलतात. स्क्रूड्रायव्हर घेऊन जमिनीलगत टोचलं तर काही ठिकाणी ४ सेंटीमीटर सहज आत गेला, आणि तोच खांब कमरेच्या उंचीवर टणक. थोडी माती बाजूला करून खाली वीतभर टोचलं तर तिथेही टणक. खांब कुजतो तो नेहमी इथेच, मातीच्या रेषेवर. बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. वरचं लाकूड भिजलं तरी वाळतं, खोल मातीत ओल असते पण हवा नसते, आणि जमिनीलगतच्या चार बोटांत दोन्ही कायम मिळतं. हे आजच कळलं ते बरं झालं, कारण याचा अर्थ खांब ओढला की तो बरोबर तिथेच मोडणार आणि खालचा अर्धा काँक्रीटसकट जमिनीत राहणार. त्याची तयारी आधीच करायला हवी.

संध्याकाळी मागच्या काकूंकडे जाऊन आले. म्हटलं, "काकू, कुंपण आमच्याच हद्दीत आहे ना तुमच्या माहितीप्रमाणे?" त्या म्हणाल्या, "तुमचंच आहे गं, काढ की बिनधास्त, पण त्या कोपऱ्यातल्या दगडाला हात लावू नकोस, तो हद्दीचा आहे आणि तो हलला की मग कुणालाच काही सांगता येणार नाही." दगडाभोवती लगेच लाल चिंधी बांधून टाकली. त्यांची पाण्याची पाइपलाइन चौथ्या खांबाजवळून जाते हेही त्यांनीच सांगितलं, त्यावरून चुन्याची रेघ मारली. आमची विजेची केबल कुठून जाते तेही मीटरपासून चालत चालत बघितलं, ती कुंपणाच्या जवळपास कुठेच नाही. त्यांचं कुत्रं मागे मोकळं असतं, कुंपण नसेल तेवढे दिवस ते बांधून ठेवतील आणि मी मधे दोरीची जाळी लावून देईन असं ठरलं.

४ जानेवारी, रविवार

कचरा नेणाऱ्यांना फोन करून विचारलं की काय नेता, काय नेत नाही. हे आधी विचारलं ते फार बरं झालं, नाहीतर सगळं दोनदा कापायला लागलं असतं. ते म्हणाले औषध मारलेलं किंवा रंगवलेलं लाकूड वेगळं बांधा, एकही खिळा वर आलेला नको, तुकडे १.२ मीटरपेक्षा लांब नकोत, काँक्रीट वेगळं आणि त्यात माती कमीत कमी. लोखंड भंगारात देणार आहे.

मग अंगणात जागा आखून घेतल्या. लोखंड एकीकडे, चांगलं कोरं लाकूड दुसरीकडे, रंगवलेलं आणि औषध मारलेलं ताडपत्रीवर, राडारोडा फाटकाजवळ. खिळ्यांसाठी झाकणाची बादली. नियम एकच ठेवलाय, जे सुटेल ते त्याच क्षणी आपल्या ढिगात गेलं पाहिजे, नंतर निवडू म्हणून एक मोठा ढीग करायचा नाही. असा ढीग झाला की त्यातले खिळे गवतात पडतात, आणि या अंगणात मुलं अनवाणी पळतात.

दादा म्हणाला, "एवढं बांधत कशाला बसतेस, जाळून टाकू, दोन रात्रीत संपेल." त्याला एका खांबाचं टोक कापून आतला रंग दाखवला. बाहेरून राखाडी, पण ताज्या कापावर हिरवट झाक. हे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने मुरवलेलं लाकूड असू शकतं. ही पद्धत १९३३ साली आपल्याच डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी शोधली, आणि पुढे जगभर कुंपणं, खांब, अंगणातल्या लाकडी फरश्या सगळं याच औषधाने मुरवलं गेलं. लाकूड खरंच दशकानुदशकं टिकतं त्याने. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती कामासाठी हे लाकूड देणं उत्पादकांनी बंद केलं, कारण अर्थातच आर्सेनिक. असं लाकूड जाळलं की थोडं आर्सेनिक धुरात जातं आणि उरलेलं सगळं राखेत गोळा होतं, ती राख चाटून गुरं दगावलेली आहेत. लाकूड तेच आहे का हे खात्रीने कळायला तपासणी लागते, ती न करता मी ते आहेच असं धरून चालणार. जाळायचं नाही, भुसा करून झाडांना घालायचा नाही, वाफ्याच्या कडेला लावायचं नाही. दादाला पटलं.

१० जानेवारी, शनिवार

उजवी बाजू घेतली. सगळ्यात आधी वेली. जाळीत इतक्या वर्षांत वेली अशा विणल्या गेल्यात की जाळी दिसतच नव्हती. ओल्या असतानाच तुकडे तुकडे करून ओढून काढल्या, वाळल्यावर त्या कडक होतात आणि जाळीला सोडत नाहीत. वरच्या तारेखाली गांधीलमाश्यांचं पोळं निघालं, मुठीएवढं. लांबून अर्धा तास बघत राहिलो, एकही माशी येईना जाईना, मग कळलं की रिकामं आहे.

काटेरी तार हे या सगळ्या कामातलं सगळ्यात धोक्याचं काम, हे ठामपणे लिहून ठेवते. तार ताणलेली असते, आणि ही तार दोन पदरांना एकमेकांत पीळ देऊन केलेली असते. १८७४ साली ग्लिडन नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याने पेटंट घेतलं ते याच पिळाचं, एका पदराभोवती काटा गुंडाळायचा आणि दुसरा पदर पिळून तो जागेवर दाबून धरायचा, म्हणजे काटा सरकत नाही. पण ताण आणि पीळ दोन्ही असलेली तार मधेच कापली की ती स्प्रिंगसारखी अंगावर येते. म्हणून मधे कधीच कापायची नाही. दादाने शेवटच्या अँगलपाशी पकडीने तार घट्ट धरली, मी अँगलच्या पलीकडे उभी राहून बांधलेला पीळ आधी हळूहळू सोडवला, ताण गेल्यावरच कटर लावला. जाड चामड्याचे हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्या. मग प्रत्येक अँगलपासून तार मोकळी करत करत ती जुन्या बादलीभोवती गुंडाळत गेलो आणि चार ठिकाणी बांधली.

तरीही शेवटच्या टोकाला दादाच्या मनगटावर ओरखडा आलाच, बाही वर सरकली होती. खोल नाही, पण मातीतली तार होती. लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतलं आणि डॉक्टरांकडे गेलो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन त्याला सात वर्षं झाली होती, मळकट जखमेला शेवटचा डोस ५ वर्षांपेक्षा जुना असेल तर परत देतात, तो दिला. आपल्याकडे सगळे म्हणतात गंजामुळे धनुर्वात होतो, तसं नाहीये, त्याचे जंतू मातीत असतात आणि गंजक्या टोकाला माती चिकटलेली असते. त्यामुळे तार नवी आणि चकचकीत असली तरी काळजी तीच.

११ जानेवारी, रविवार

जाळी एकदम सोप्पी निघाली. साखळीजाळी म्हणजे नागमोडी उभ्या तारा एकात एक अडकवलेल्या असतात. एका तारेची वरची आणि खालची गाठ उलगडली आणि ती तार हाताने गोल गोल फिरवत वर ओढत नेली की ती आख्खी सळसळत बाहेर येते आणि जाळीचे दोन तुकडे होतात, कापायची गरजच नाही. अशा तीन ठिकाणी सोडवून चार गुंडाळ्या केल्या.

मग झाड. इथे दिवसाचा बाकीचा सगळा वेळ गेला आणि तो गेला त्याचं काही वाटत नाही.

तार खोडाभोवती बांधलेली होती असं मला लांबून वाटत होतं. जवळ जाऊन बघितलं तर बांधलेली काही नाही, तार खोडाच्या एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. साल दोन्हीकडून फुगून तारेवर आलीय, ओठ मिटल्यासारखी, आणि त्या ओठांच्या फटीत गंजाची तपकिरी रेघ. एक काटा अर्धा आत, अर्धा बाहेर. बोट फिरवलं तर साल गुळगुळीत लागली, झाडाने ते कधीच भरून काढलंय.

दादा म्हणाला इतक्या वर्षांत तार वर सरकली असेल ना, झाड वाढलं तशी. मोजलं. अँगलवर खालची तार १३५ सेंटीमीटरवर, आणि झाडातही अगदी १३५ वरच. झाड उंच होतं ते फक्त शेंड्याकडून, खोड वर सरकत नाही, ते नुसतं जाड होतं, सालीच्या लगेच आत जी जिवंत थर असते ती दरवर्षी आतल्या बाजूला नवीन लाकूड घालत जाते आणि स्वतः बाहेर ढकलली जाते. त्यामुळे जी वस्तू खोडाला आवळून राहिली ती हळूहळू खोडाच्या पोटात जाते, उंची तीच.

ही तार ओढून काढायची नाही हे लगेच ठरवलं. ओढली तर साल आणि ती जिवंत थर फाटेल, उघडी जखम होईल आणि कीड लागेल. आहे तशी आत राहिली तर झाडाला फरक पडत नाही, त्याने तिला आपलंसं केलंय. दोन्ही बाजूंना सालीला न टोचता जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन कापलं, उरलेली टोकं कानशीने घासून बोथट केली, अर्ध्या बाहेर आलेल्या काट्याचं टोकही. आणि एक काम केलं जे मला फार महत्त्वाचं वाटतं. पत्र्याच्या छोट्या तुकड्यावर खिळ्याने ठोके मारून लिहिलं, "खोडात तार आहे, जमिनीपासून १३५ आणि १५० सेंमी". तो पत्रा सैल दोरीने फांदीला अडकवलाय. पुढे कधी कुणी या झाडाला मशीनची करवत लावली आणि ती आतल्या तारेवर आपटली तर करवतीची साखळी तुटून माणसाच्या तोंडावर येऊ शकते. तेव्हा मी इथे असेन नसेन, पत्रा असला पाहिजे. दोरी दरवर्षी सैल करायचीय, हेही इथे लिहून ठेवते.

१४ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी दोन तास. अँगलच्या बुंध्याशी आळी करून पाणी भरून ठेवलं.

१७ जानेवारी, शनिवार

अँगलना काँक्रीट नव्हतंच, नुसते ठोकलेले होते. ओली माती, साखळीचा फास, उंच उचलणारा जॅक आणि जॅकखाली जाड फळी, पाचही अर्ध्या तासात वर. फळी नसली तर अँगल वर यायच्या ऐवजी जॅकच मातीत जातो.

दुपारपासून लाकडी बाजू. फळी काढायची पद्धत दोन-चार फळ्यांनंतर हाताला बसली. मागून, आडव्या पट्टीच्या अगदी जवळ, लाकडी मोगरीने ठोका द्यायचा, फळी अर्धा सेंटीमीटर सुटते. मग समोरून फळीवर परत ठोकायचं, फळी मागे जाते आणि खिळ्याचं डोकं वर राहतं. ते डोकं हातोड्याच्या चिमट्यात धरून, खाली लाकडाचा ठोकळा देऊन उपटायचं. सरळ पहार घालून उचकटली तर फळी चिरते आणि खिळा वाकतो, मग तोच खिळा काढायला तिप्पट वेळ. ज्यांची डोकी गंजून उडाली त्यांना फळी आणि पट्टीच्या फटीत करवतीचं पातं घालून कापलं.

अंधार पडेपर्यंत १२० पैकी ७१ फळ्या. प्रत्येक फळीचे खिळे काढूनच ती ढिगावर.

१८ जानेवारी, रविवार

उरलेल्या फळ्या आणि आडव्या पट्ट्या झाल्या. मग मी खिळे मोजायला बसले. हिशेबाने एका फळीला चार, म्हणजे ४८० हवेत. पण ठोकणाऱ्याने काही फळ्यांना तीनच मारले होते, त्यामुळे खिळ्यांऐवजी फळ्यांवरची भोकं मोजली. भोकं ४७३. बादलीतले खिळे ४६१, मोडके तुकडे जोडीने एक धरून. म्हणजे १२ खिळे बेपत्ता. काही फार पूर्वीच गळून मातीत गेले असतील. ते कधी पडले याच्याशी मला मतलब नाही, ते अंगणातून निघाले पाहिजेत.

२१ जानेवारी, बुधवार

पहिला लाकडी खांब ओढून बघितला. जमिनीलगत मोडला, जसं वाटलं होतं तसंच.

२४ जानेवारी, शनिवार

दिवसभर खांबच खांब. खांबाच्या तळाशी काँक्रीटचा गोळा आहे, साधारण २५ सेंटीमीटर रुंद आणि ६० खोल. हिशेब करून बघितला, काँक्रीटचं वजन घनमीटरला २४०० किलोच्या आसपास, म्हणजे एक गोळा ७० किलो. वर मातीची पकड वेगळी. हे पाठीच्या जोरावर काढायचं काम नाही, आणि कुणी "मी उचलतो" म्हणालं तर त्याला अडवावं.

एका बाजूने अर्धगोल खड्डा गोळ्याच्या निम्म्या उंचीपर्यंत खणायचा, चारी बाजू खणायची गरज नसते. खांबाला पुढे-मागे डुलवून गोळ्याभोवती फट पाडायची, फटीत पाणी सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. ओली माती चोषून धरते, ती पकड फटीत हवा-पाणी गेलं की सुटते. मग साखळी खांबाला शक्य तितकी खाली गुंडाळून जॅक. पाच खांब असे आले. जे जमिनीलगत मोडले, असे तीन, त्यांच्या काँक्रीटमधल्या बुंध्यात जाड हुकाचा स्क्रू फिरवला, खालचं लाकूड घट्ट आहे त्यामुळे तो धरतो, आणि हुकात साखळी. तिन्ही आले. चौथा खांब पाइपजवळचा, तिथे पहार टिकाव काही नाही, फक्त हाताने आणि छोट्या खुरप्याने, त्याला एकट्याला अडीच तास लागले. पाइप गोळ्यापासून जेमतेम चार बोटांवर निघाली.

दहावा, कोपऱ्यातला, त्याचा गोळा नाही काढला. खांब काढला, पण गोळ्याला झाडाच्या मुळांनी वेढलंय, अंगठ्यापेक्षा जाड तीन मुळं त्याच्यावरून गेलीत. गोळा काढायचा तर ती तोडायला लागतील. एरवी मी काँक्रीट जमिनीत सोडून देण्याच्या विरोधात आहे, पुढे तिथेच नवा खांब किंवा रोप लावायला गेलं की तो आडवा येतो, पण इथे मुळं जास्त महत्त्वाची. मातीखाली कुठे आहे त्याची मापं घराच्या कोपऱ्यापासून घेऊन वहीत लिहिली.

२५ जानेवारी, रविवार

गोळे आडवे पाडून घणाने फोडले. काँक्रीट दाब खूप सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून वरून कुटत बसण्यापेक्षा आडवा ठेवून मधोमध एका रेषेत ठोके दिले की सरळ चिरतो. आतला लाकडाचा बुंधा अख्खा निघतो, तो आपल्या ढिगात. गॉगल काढायचा नाही, कपच्या फार लांब उडतात.

खड्डे भरले, पण एकदम नाही. १५ सेंटीमीटर माती, धुमसाने ठोकून, परत १५. वर तीन बोटं उंचवटा ठेवला कारण माती बसते.

३१ जानेवारी, शनिवार

भंगारवाला येऊन गेला, अँगल, जाळी, तार आणि खिळ्यांची बादली मिळून ६० किलोच्या आसपास. बादली देण्याआधी खिळे परत एकदा मोजले, ४६१ च.

लाकूड ताडपत्रीवर हाताच्या करवतीने कापलं, तोंडाला मास्क लावून. मशीनची करवत मुद्दाम नाही वापरली, तिचा भुसा बारीक उडतो आणि तो गोळा करता येत नाही. पडलेला भुसा ताडपत्रीतूनच पिशवीत भरला. सगळ्या मोळ्यांवर जाड मार्करने लिहिलं, "औषध मारलेलं लाकूड, जाळू नये". नेणाऱ्याच्या हातून एखादी मोळी वाटेत कुणाच्या चुलीपर्यंत पोचू नये म्हणून. आडव्या पट्ट्या कोऱ्या होत्या, ना रंग ना हिरवट झाक, त्यातल्या चार काकूंनी मांडवासाठी मागितल्या, दिल्या.

१ फेब्रुवारी, रविवार

लोहचुंबक. जुन्या स्पीकरचा मोठा चुंबक दोरीला बांधला, जमिनीला जेमतेम टेकेल असा, आणि कुंपणाच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना दोन मीटरपर्यंत पट्टे आखून ओढत गेले. आधी लांबीने, मग आडवं. चुंबकाला प्लास्टिकची पिशवी घातली होती, पिशवी उलटी केली की खिळे आणि लोखंडी चुरा आपोआप सुटतो. लांबीने ओढताना ७ खिळे आणि तारेचे बरेच बारके तुकडे. आडवं ओढताना अजून २. मग फावड्याने वरची दोन बोटं माती हलवून परत फिरवला, अजून २. अकरा झाले.

बारावा नाही मिळाला. दादा आणि मी अंधार पडेपर्यंत शोधत होतो. कुत्रं अजून बांधूनच ठेवा म्हणून काकूंना सांगून आले.

४ फेब्रुवारी, बुधवार

लाकूड आणि राडारोडा दोन्ही गेलं. एकही मोळी परत केली नाही त्यांनी.

८ फेब्रुवारी, रविवार

पाऊस झाला, खड्ड्यांवरची माती बसली. दुसऱ्या आणि सातव्या खड्ड्यावर अजून दोन घमेली टाकली. चुंबक परत फिरवला, काही नाही.

दुपारी काकूंची हाक आली, "अगं इकडे ये, बघ काय सापडलं." त्यांनी मांडवासाठी पट्टी उभी करताना तिच्या खालच्या कडेला काहीतरी हाताला लागलं. डोकं उडालेला खिळा, लाकडात पूर्ण आत गेलेला, वर फक्त गंजाचा ठिपका. त्या पट्टीवर मी हात फिरवून बघायला हवा होता, आता चारही पट्ट्यांवर बोटं फिरवून बघितली, बाकीच्या स्वच्छ आहेत. पकडीने धरायला काही नव्हतं, म्हणून बाजूचं लाकूड छिन्नीने कोरून काढला. वहीत ४७३ च्या पुढे ४७३ लिहिलं आणि काकूंनी कुत्रं सोडलं.